बटाट्यावरचा मध

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे तिथं नेमकं काय शिकवतात याबद्दल घरातल्या प्रत्येकाची आपापली कल्पना होती. वडिलांना वाटे, मी इंग्रजीत अर्ज लिहायला शिकतो आहे. आई शेजारणींना सांगे, मुलगा अमलदार होणार, घोड्यावरून गावं फिरणार. मला स्वतःला काय वाटे ते मी कुणाला सांगत नसे, कारण ते दर आठवड्याला बदले. पण बटाटे सोलावे लागतील असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

इंटरचं पहिलं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यातली ही हकिकत आहे. वडील म्हैसूरच्या रिसाल्यात नवे घोडे शिकवून तयार करायचं काम करत. आमचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि राग आला की दोन्ही. रिसाल्यातल्या ओळखीवर वडिलांनी मला सुट्टीपुरतं काम मिळवून दिलं. जनावरांच्या दवाखान्याच्या मागं दोन खोल्यांची एक प्रयोगशाळा होती. तिथल्या डॉक्टरांनी मला दोनच प्रश्न विचारले: काच न फोडता धुता येते का, आणि वास सहन होतो का. मी दोन्हींना हो म्हणालो. दुसऱ्याबद्दल माझी तितकीशी खात्री नव्हती.

डॉक्टर मद्रासला शिकून आलेले, उंच, किडकिडीत, सायकलवरून येणारे. ते माझ्याशी कानडीत बोलत आणि मी त्यांना इतरांसारखंच ‘स्वामी’ म्हणे. मेलेल्या आणि आजारी जनावरांचं रक्त, पू, नाकातला स्राव असं काहीबाही गावोगावाहून त्यांच्याकडे येई, आणि त्यात कुठला जंतू आहे ते त्यांनी सांगायचं असे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावलं. मला निळे ठिपके आणि निळ्या रेघा दिसल्या.

“काय दिसलं?”

“रेघा, स्वामी.”

“मलाही रेघाच दिसतात,” ते म्हणाले. “सगळ्या सारख्याच. म्हणून त्यांना आधी जेवायला घालायचं. कोण काय खातो, खाऊन कसा दिसतो, त्यावरून ओळख पटते. पाहुणा कुठल्या गावचा ते पंगतीत कळतं की नाही?”

ह्या पाहुण्यांचं आवडतं जेवण म्हणजे बटाटा. माझं काम तेच होतं. मंडी मोहल्ल्यातून चांगले घट्ट बटाटे आणायचे, घासून धुवायचे, सोलायचे, त्यांचे लांबट तिरपे तुकडे कापायचे, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजत ठेवायचे म्हणजे त्यांचा आंबटपणा जातो, मग एकेक तुकडा काचेच्या नळीत घालून वर कापसाचा बोळा लावायचा आणि सगळ्या नळ्या वाफेवर शिजवायच्या. डॉक्टर त्या तुकड्यावर तारेनं स्राव पसरत आणि नळी एका तांब्याच्या पेटीत ठेवत. पेटीखाली रॉकेलचा दिवा सतत मंद जळत असे. दोन-तीन दिवसांत बटाट्यावर काहीतरी उगवे.

बाजारातली बटाटेवाली मला एखाद्या खाणावळीतला पोऱ्या समजत असे. मीही तिचा समज दूर केला नाही, कारण खरं सांगितलं असतं तर तिनं पुन्हा बटाटे दिले नसते. आईपुढे मात्र लपवता आलं नाही. एकदा तिनं माझ्या बोटांना चाकू लागलेला पाहिला.

“कॉलेजात शिकून आलुगड्डे सोलतोस?”

“प्रयोगासाठी, आई.”

“मग घरचे चार सोलून दे. तोही प्रयोगच.”

तेव्हापासून घरचे बटाटेही माझ्याकडे आले.

आमच्या घरापासून दोन दारं सोडून एक काका राहत. नात्यातले नव्हेत, पण वडिलांबरोबर रिसाल्यात होते, म्हणून काका. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी जटका घेतला होता. जटका म्हणजे आमच्याकडची दोन चाकांची, गोल छपराची घोडागाडी. आत गवत अंथरून वर चटई टाकलेली, मांडी घालून बसायचं. जटक्याला एक कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची नि काळ्या आयाळीची घोडी होती. काका तिला ‘बाई’ म्हणत आणि काकूंना ‘अगं’ म्हणत. काकू म्हणत, “बघा, घरात मान कुणाला आहे ते.” पण घोडीला हुलगे शिजवून घालायचे ते काकूंनीच, आणि तिच्या कपाळाला कुंकू लावायचं तेही काकूंनीच. त्यांना मूलबाळ नव्हतं. घोडी होती.

एका दुपारी काका घोडीला हातात धरून, जटका न जोडता, दवाखान्यात घेऊन आले. मी सोड्याच्या पाण्यातून बटाटे काढत होतो. मला पाहून त्यांना बरं वाटलं असावं.

“काय रे कॉलेज, तुझे साहेब आहेत का? बाईला सर्दी झालीय.”

ती सर्दी मला आवडली नाही. डाव्या नाकपुडीतून दाट, चिकट, पिवळसर स्राव येत होता आणि जबड्याखाली त्याच बाजूला गाठ होती. डॉक्टर आले, त्यांनी गाठ चाचपली आणि त्यांचा चेहरा बदलला.

“अलीकडे कुठं कुठं नेली होती?”

“नंजनगूडची भाडी होती, स्वामी. जत्रेची माणसं.”

“पाणी कुठं पाजलं?”

“कडकोळला. रस्त्यावरची दगडी डोणी आहे ना, तिथं. सगळेच पाजतात.”

 दवाखान्याच्या आवाराच्या टोकाला एक वेगळी शेड होती, तिथं डॉक्टरांनी घोडीला बांधायला सांगितलं. दारात दोरी आडवी बांधली आणि सोड्याच्या पाण्याची बादली ठेवली. आत जाणाऱ्यानं बाहेर येताना हात धुतलेच पाहिजेत. मग त्यांनी काडीला कापूस गुंडाळून नाकपुडीतला स्राव घेतला आणि माझ्या बटाट्यावर पसरला.

त्यांना संशय होता ग्लँडर्सचा. हा घोड्यांचा रोग. नाकातून स्राव, गाठी, मग फोड. एका डोणीत पाणी प्यालेल्या दहा घोड्यांना होऊ शकतो आणि घोडा सांभाळणाऱ्या माणसालाही. औषध नाही. रोग ठरला की घोड्याला गोळी घालायची, हाच सरकारी नियम. एरवी एक लस टोचून, ताप चढतो का ते पाहून संशय फेडता येई. पण ती लस उत्तरेकडून, फार लांबून टपालानं यायची आणि आमच्याकडची संपली होती. नवी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. तेव्हा सगळी भिस्त बटाट्यावर. ग्लँडर्सचा जंतू बटाट्यावर उगवला की मधाच्या थेंबासारखा दिसतो, पिवळा, चकचकीत. आणि मग हळूहळू तांबूस होत जातो. दुसरा कुठलाही जंतू सहसा असा दिसत नाही, असं आमच्याकडच्या जाड इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली. नळीत मध होता.

खरं सांगायचं तर पहिला क्षण मला आनंद झाला. पुस्तकात वाचलेली गोष्ट मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होतो, आणि ती अगदी पुस्तकातल्यासारखीच होती. नळी उजेडाकडे धरून मी डॉक्टरांना हाक मारली. ते आले, बराच वेळ पाहत राहिले, आणि त्यांनी नळी अशी हळू खाली ठेवली की माझा आनंद तिथंच संपला. त्यांनी त्यातला कण काचेवर घेऊन रंगवून पाहिला. बारीक निळ्या रेघा. त्याही जुळत होत्या. दुपारपर्यंत मधाची कड तांबूस झाली.

डॉक्टरांनी काकांना स्वतः सांगितलं. मला पाठवता आलं असतं, पण पाठवलं नाही. काका ताठ उभे होते, रिसाल्यात उभे राहत तसे.

“परवा सकाळी करावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. “रिसाल्यातून माणूस येईल. तिला कळणार नाही.”

“ठाऊक आहे, स्वामी. मी असे घोडे धरलेले आहेत.” मग त्यांनी विचारलं, “तोच रोग आहे, हे नक्की ना?”

“नळीत तेच दिसतंय.”

“हौदु,” काका म्हणाले. होय. आणि सलाम करून मागं वळले. फाटकाबाहेर जाईपर्यंत ते नीट चालले. फाटकाबाहेर मी पाहिलं नाही.

संध्याकाळी मी नळ्या धुऊन पालथ्या घालत होतो, तेव्हा खिडकीतून मला शेडजवळ लुगडं दिसलं. काकू दोरीखालून वाकून आत शिरल्या होत्या. हा रोग माणसाला होतो, हे मला आठवलं आणि मी ओल्या हातांनी धावत सुटलो.

“काकू, बाहेर या! हात लावू नका!”

“ओरडतोस काय? तिला दचकवशील.”

त्यांच्या हातात पितळी वाटी होती आणि दोन बोटं घोडीच्या नाकपुडीत. घोडी डोळे अर्धे मिटून उभी होती. आमच्या गल्लीतल्या कुणालाही काकूंपुढे तसंच उभं राहायची सवय होती.

“काय घालताय?”

“तुपात कालवलेली हळद. सर्दीला दुसरं काय घालतात? पहिल्या दिवसापासून घालतेय. इथं आणायच्या आधी तर चांगली भरूनच पाठवली होती. तुमच्या डॉक्टरानं पुसून काढली असेल.”

“काकू, तिला सर्दी नाहीये…”

“ठाऊक आहे काय आहे ते. घरी येऊन बसलेत, जेवत नाहीत, बोलत नाहीत.” त्यांनी वाटी खाली ठेवली. “परवापर्यंत तरी नाक मोकळं राहू दे तिचं.”

 मी फक्त बादलीकडे बोट दाखवलं. काकू कुरकुरत बाहेर आल्या आणि त्यांनी हळदीनं माखलेले दोन्ही हात सोड्याच्या पाण्यात बुडवले.

पाणी लाल झालं.

“अय्यो, हे काय रे? ओकळी झाली की!” काकू म्हणाल्या.

ओकळी म्हणजे हळद आणि चुन्याचं लाल पाणी. नव्या सुनेवरून, बाळंतिणीवरून, परगावाहून आलेल्या माणसावरून आमच्याकडे ते ओवाळून दारात टाकतात. मी लहानपणापासून ते शेकडो वेळा पाहिलं होतं. आईच्या हातची हळद चुन्यात पडते आणि ताम्हनातलं पाणी लाल होतं, यात कधी काही नवल वाटलं नव्हतं. पण आता मी त्या बादलीकडे बघत उभा राहिलो. चुना काय आणि सोडा काय, हळदीला दोन्ही सारखेच. आणि माझे बटाटे सोड्याच्या पाण्यात भिजवलेले होते.

“काकू, वाटीतलं थोडं द्याल का?”

“तुलाही सर्दी झालीय?”

वाटीच्या कडेचं चिमूटभर तूप मी एका स्वच्छ काचेवर घेतलं आणि प्रयोगशाळेत आलो. एक कोरी नळी घेतली, जिच्यावर कुठलाच जंतू कधी लावलेला नव्हता. बटाट्यावर तारेनं हळदीच्या तुपाची बारीकशी रेघ ओढली, बोळा लावला आणि नळी पेटीत ठेवली. डॉक्टर निघून गेले होते. त्यांना विचारल्याशिवाय नळी वापरावी की नाही, याचा मी थोडा वेळ विचार केला. मग बटाटा मीच सोलला आहे, असं मनाला समजावलं.

सकाळी पेटी उघडली तेव्हा कोऱ्या नळीत मध होता. पिवळा, चकचकीत. आणि कडेला, तूप जिथं बटाट्यात मुरलं होतं तिथं, तांबूस.

दोन्ही नळ्या हातात घेऊन मी डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. आत जावं की नाही ते ठरेना. ते मद्रासला शिकलेले, मी इंटरचं एक वर्ष झालेला. माझंच काही चुकलं असेल, असं वाटत होतं. नळी आधीच खराब असेल. किंवा हे सगळं त्यांना ठाऊकच असेल आणि ते म्हणतील, यात नवीन काय? मग काकांचं ते फाटकापर्यंतचं चालणं आठवलं आणि मी बोळ्यासकट दोन्ही नळ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

“ही आपली,” ते म्हणाले. “आणि ही? हे कुठलं जनावर?”

“कुठलंच नाही, स्वामी. ते तूप आहे.”

“काय?”

“हळद आणि तूप. बटाट्यात सोडा आहे ना, त्यामुळे… म्हणजे मला वाटतं, त्यामुळे. काकू पहिल्या दिवसापासून घोडीच्या नाकात घालत होत्या.”

डॉक्टरांनी दोन्ही नळ्या खिडकीपाशी नेल्या. मग पुन्हा आत आणल्या. मग माझ्या नळीचा बोळा काढून वास घेतला, आणि ते एकदम हसायला लागले. मी त्यांना तोवर कधी हसताना पाहिलं नव्हतं. सायकलवरून पडलेल्या माणसासारखा तो आवाज होता.

“तूप!” ते म्हणाले. “मद्रासला आमचे प्रोफेसर असते तर त्यांना ही नळी दाखवली असती. त्यांच्या देशात घोड्याच्या नाकात कुणी हळद घालत नाही. त्यांच्या पुस्तकात ती कुठून येणार?” मग हसू ओसरलं आणि ते माझ्याकडे वळले. “पण ऐक. रंग खोटा निघाला. रोग खोटा निघाला असं अजून झालेलं नाही. त्या तुपाखाली ग्लँडर्स लपलेला असू शकतो.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

रिसाल्याला त्यांनी लगेच निरोप पाठवला की माणूस इतक्यात नको. मग कोट काढून बाह्या वर केल्या. पहिल्या नळीवर जे काही उगवलं होतं त्यातला कण घेऊन त्यांनी दुसऱ्या कोऱ्या बटाट्यावर लावला. “हळद वाढत नाही,” ते म्हणाले. “जंतू वाढतो. एका नळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत नेला, तर रंग जंतूचा असेल तरच त्याच्याबरोबर येईल.” त्या कामाला वेळ लागणार होता. पण दुसरी एक गोष्ट लगेच पाहता येण्याजोगी होती. त्यांनी पातळ काचेवर पाण्याचा एक थेंब घेतला, त्यात तो कण मिसळला, आणि मधे खळगा असलेल्या जाड काचेवर ती काच उपडी ठेवली. थेंब खळग्यात लोंबत राहिला. तोवर आम्ही जंतू नेहमी वाळवून, रंगवून, म्हणजे मारून पाहत असू. हे जिवंत होते.

“ग्लँडर्सचा जंतू जागचा हलत नाही,” डॉक्टर म्हणाले. “हे बघ आणि सांग.”

मी डोळा लावला. आधी काहीच दिसलं नाही. मग थेंबाची कड दिसली, आणि तिच्याजवळ बारीक रेघा इकडून तिकडे पळत होत्या. एक सरळ गेली, वळली, दुसरीला धडकली आणि परत फिरली.

“हे पळतायत, स्वामी! सगळे पळतायत!”

“कुठं?”

“जत्रेला निघाल्यासारखे.”

डॉक्टरांनी स्वतः पाहिलं. “बरं,” ते म्हणाले. “जत्रेला जाणारे तर हे ग्लँडर्स नव्हेत. पण त्यांच्यात घरी बसलेला एखादा असेल तर? नाक धुऊन नवा स्राव घ्यायला हवा. आणि तोवर त्या नाकात हळद जाता कामा नये. हे तू सांगायचं. मी नाही सांगणार.”

काकूंना सांगणं हे त्या सगळ्या उन्हाळ्यातलं सर्वांत अवघड काम होतं. मी त्यांच्या ओट्यावर बसून जंतू, सोडा आणि बटाटे यांबद्दल जमेल तितकं सांगितलं. काका आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले होते.

“म्हणजे माझ्या हळदीनं तिला गोळी लागत होती?” काकू म्हणाल्या.

“नाही, काकू. हळदीनं काही बिघडलं नाही. आमच्या नळीला कळलं नाही, एवढंच.”

“नळीला कळलं नाही! हळद कळत नाही तर मग बाकी काय कळतं तिला?”

“म्हणूनच आता तीन नळ्या लावायच्यात. पण नाकात काही घालायचं नाही. तूप नाही, हळद नाही, तेल नाही.”

“मग काय नुसतं बघत बसू?”

“साकु, अगं,” काका आतून म्हणाले. पुरे. आदल्या दिवसापासून त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द होता, हे काकूंच्या चेहऱ्यावरून मला कळलं. “पोरगा सांगतो तसं कर. कपाळाला कुंकू लावलेलं चालेल ना रे, कॉलेज?”

मी डॉक्टरांना न विचारताच चालेल म्हणालो.

उकळून गार केलेल्या पाण्यानं घोडीचं नाक धुतलं, नवा स्राव घेतला आणि नव्या नळ्या लावल्या. शेजारी एक नळी कोरीच ठेवली, तुलनेसाठी. ही कल्पना डॉक्टरांची. त्या दिवसांत मी किती वेळा पेटी उघडली ते सांगत नाही. शेवटी डॉक्टरांनी झाकणावर एक जाड दगड ठेवला. “सारखं उघडलंस तर जंतूंना पडसं होईल.”

नळ्या तयार झाल्या तेव्हा त्यांत मध नव्हता. जुन्या कणापासून उगवलेलं दुसऱ्या नळीत मळकट पांढरं होतं, तिसरीत तसंच. धुतलेल्या नाकातल्या स्रावाच्या नळ्यांत पांढरे ठिपके आणि एका ठिकाणी हिरवट डाग. काचेखाली काही रेघा, काही ठिपक्यांच्या माळा. सगळे पुवात नेहमी सापडणारे. ग्लँडर्स नव्हता. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होतो, पण ते अजून खूश दिसेनात.

“मग नाकातून काय येतंय?” ते स्वतःशीच म्हणाले. “आणि एकाच बाजूनं का?”

ते शेडमध्ये गेले आणि त्यांनी घोडीच्या तोंडाचा वास घेतला. मग मागं सरून माझ्या वडिलांना बोलावून आणायला सांगितलं. घोड्याचं तोंड उघडून धरावं ते वडिलांनीच. वडिलांनी तिची जीभ बाजूला धरली, काकांनी मान धरली, मी आरसा धरून आतवर ऊन पाडलं, आणि डॉक्टरांनी दंडापर्यंत हात आत घातला.

“वरची दाढ,” ते म्हणाले. “मुळापर्यंत किडलीय. पू वर नाकात झिरपतोय. एवढंच.”

“दाढ?” काका म्हणाले.

“दाढ.”

“बाई,” काका घोडीला म्हणाले, “दाढेसाठी तू मला मारायला निघाली होतीस.”

दाढ काढायला चार माणसं लागली आणि पाचवा मी, आरशासकट. ती निघाली तेव्हा घोडीनं अशी शिंक दिली की डॉक्टरांचा चष्मा, वडिलांची मिशी आणि माझा एकुलता एक चांगला सदरा, कुणीच सुटलं नाही. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. कामावर घेताना डॉक्टरांनी वासाबद्दल का विचारलं होतं ते मात्र मला तेव्हा समजलं.

पुढच्या सोमवारपासून प्रयोगशाळेत काम थोडं बदललं. पहिल्या नळीवरून कुणालाही निकाल कळवायचा नाही. स्राव घ्यायच्या आधी जनावराला घरी काय काय लावलं, पाजलं, चोळलं ते मालकाला विचारायचं, आणि मालकिणीला वेगळं विचारायचं. जंतू आधी जिवंत पाहायचा, मग रंगवून. शेजारी एक कोरा बटाटा नेहमी असायचा. डॉक्टर म्हणाले, यातलं काहीच नवीन नाही, फक्त घाईपायी आपण ते करत नव्हतो. आम्ही विचारायला लागल्यावर काय काय बाहेर आलं! बैलाच्या जखमेत काजळ, म्हशीच्या सडांना लोणी आणि राख, एका मेंढीच्या कानात तर चक्क नाकात ओढायची तपकीर. मी ते सगळं कोऱ्या बटाट्यांवर लावून बघत असे. बटाटे अर्थातच तिप्पट लागू लागले, आणि बाजारातल्या बाईनं एक दिवस मला विचारलं, तुमची खाणावळ फार चालते वाटतं?

घोडीची जखम भरायला आणि नाक वाहायचं थांबायला बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी काकांनी जटका जोडला आणि आमच्या दारात आणून उभा केला. काकू म्हणाल्या, डोंगराच्या पायथ्याशी देवीला नमस्कार करून येऊ. एवढ्या वर्षांत त्या स्वतःच्या नवऱ्याच्या जटक्यात कधी बसल्या नव्हत्या. गाडी भाड्याची, तिच्यात घरच्यांनी बसायचं म्हणजे गिऱ्हाईक घालवायचं, असं दोघांनाही वाटे. त्या आणि माझी आई आत चटईवर मांडी घालून बसल्या, मी पुढं काकांच्या बाजूला.

काकांनी लगाम नुसता धरला होता. घोडी आपल्या मनानं चालत होती, आणि ती चामुंडीच्या डोंगराकडे न जाता मंडी मोहल्ल्याकडे वळली. काका म्हणाले, जाऊ दे, किती दिवसांनी निघालीय. ती थेट जटक्यांच्या अड्ड्यावर जाऊन आपल्या नेहमीच्या जागी थांबली. आजूबाजूचे जटकेवाले ओरडले, “आलीस का ग, दाढ काढून?” आणि कुणी काही म्हणायच्या आत एक जाडजूड कापडवाला मागनं आत चढला, माझ्या आईच्या शेजारी गाठोडं टेकवलं आणि म्हणाला, “स्टेशन. लवकर, गाडी चुकेल.”

काकांनी मागं वळून काकूंकडे पाहिलं.

काकूंनी पाय आत ओढून घेतले. “बघता काय?” त्या म्हणाल्या. “त्यांची गाडी चुकेल. देवी काही कुठं जात नाही.”

काका हसले, आणि त्यांनी लगाम हलवायच्या आतच घोडी स्टेशनच्या रस्त्याला लागली होती.